राजाजीनगरची तांबडी जमीन

बंगळूरहून परत येऊन आठवडा झाला. कॉलेजात जो भेटतो तो एकच म्हणतो, "काय शिकून आलास, करून दाखव की." करून दाखवण्यासारखं माझ्याकडे फार नाही. जे आहे ते लिहूनच सांगितलेलं बरं, असं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं माझ्याविषयी. आम्ही इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे कॉलेजात काय करायचं आणि काय नाही, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. ब्रेकडान्स मी गल्लीतल्या व्हिडिओ सेंटरमधल्या एका कॅसेटवरून शिकलो. गेल्या स्नेहसंमेलनात माझा पहिला नंबर आला. पण कॉलेजात हा नाच करणारा मी एकटाच होतो, तेव्हा त्या नंबरात किती तथ्य होतं, हा प्रश्न मला सारखा पडायचा.

उन्हाळ्यात एका लग्नात रघू भेटला. तो माझ्या थोरल्या आत्याच्या सासरकडचा. ही माणसं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरकडे गेली आणि तिकडचीच झाली. मांडवात वाजंत्री चालू असताना रघूने पाठीवर गिरकी घेतली आणि एका हातावर उभा राहिला. जेवणं थांबली. मी त्याला गाठून माझ्या नंबराचं सांगितलं. तो म्हणाला, "कुणाला हरवलास?" मी म्हणालो, "कुणाला नाही, मी एकटाच होतो." "मग बंगळूरला ये," तो म्हणाला. "तिकडं समोर माणूस असतो."

पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यावर वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "नाचायला एवढ्या लांब?"

"शिकायला."

"मग जा. पण शिकायला जातोस, तर शिकून ये."

राजाजीनगर

मिरजेहून गाडीत बसलो, त्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. बंगळूरला उतरलो तेव्हा ऑक्टोबरातही हवेत गारवा होता आणि रिक्षावालेसुद्धा स्वेटर घालून बसले होते. रघूच्या गल्लीत शिरताच पहिला धक्का बसला. समोर गणपतीचा मांडव! आमच्याकडे विसर्जन होऊन कितीतरी दिवस झाले होते.

"अजून बसलाय?" मी विचारलं.

"हा कालच बसला," रघू म्हणाला. "पुढच्या गल्लीतला दिवाळीच्या आधी बसेल. सगळ्यांनी एकदमच बसवला तर ऑर्केस्ट्रा कुठून मिळणार?"

मला हे पटायला वेळ लागला. नंतर विचार केला तेव्हा त्यात वाईट काही दिसेना.

रघूच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. रघूच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणू लागलो. त्यांचं मराठी कानाला आधी वेगळं लागतं. "बस की रे, स्वल्प पाणी पी, मग जेवूया, सरी?" असं त्या सहज बोलतात. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक. माझं बोलणं ऐकून शेजारणीला म्हणाल्या, "ऊरकडचं मराठी आहे बघा, पुस्तकातल्यागत." ऊर म्हणजे गाव. पुस्तकातल्यासारखं बोलतोस असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

रात्रीच्या ताटात नाचणीचा एक मोठा गोळा आला, त्याला मुद्दे म्हणतात. मी भाकरीसारखा तुकडा तोडला आणि चावू लागलो. तो दाताला, टाळूला, सगळीकडे चिकटला. घरातले सगळे हात थांबवून माझ्याकडे बघत होते.

"चावतोस काय!" अक्का म्हणाल्या. "सारात बुडव आणि गीळ."

"न चावता?"

"त्याला दात लावायचे नसतात," रघू म्हणाला. "ब्रेकसारखंच आहे. विचार करायला लागलास की अडकलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हॉल दाखवला. राममंदिराच्या मागे तिकडच्या मराठी समाजाचं मंगल कार्यालय आहे. आत गेलो आणि चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पूर्ण जमीन तांबडी, सिमेंटमध्ये रंग मिसळून घोटलेली, इतकी गुळगुळीत की खिडक्या तिच्यात दिसत होत्या. आमच्या कॉलेजच्या स्टेजवर फळ्या आहेत आणि घरी शहाबादी फरशी. दोन्हीकडे पाठीवर फिरताना शर्ट फाटतो. इथे मी पाठ टेकून पाय फेकले आणि जे फिरलो, ते थांबायला भिंत लागली.

रघूचे मित्र हसले. पण जमीन अशी असेल तर माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो, हे मला तेव्हाच कळलं. आणि ती हातची जायची वेळ आली होती, हेही त्याच सकाळी कळलं.

झालं होतं असं. हॉलची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात. दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, म्हणून हॉल सकाळी रिकामा असतो. पुढेही लग्न नसेल त्या दिवशी तो पोरांना मिळायचा. रघूचा ग्रुप तिथे दोन वर्षं सराव करत होता. मग जयनगरचा एक ग्रुप आला. ते ज्या शाळेच्या व्हरांड्यात नाचत, तो शाळेने बंद केला होता. त्यांच्यातला अभिजित मराठीच. त्याचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, पुण्याहून बदली होऊन आलेले, आणि समाजाच्या कार्यक्रमांना नेहमी येणारे. त्यामुळे अण्णांना नाही म्हणता येईना. दोन्ही ग्रुप एकाच वेळी येऊ लागले, भांडणं झाली, एक खिडकी फुटली. शेवटी अण्णा म्हणाले, "एकच ग्रुप येईल. कुठला ते तुम्ही आपसात ठरवा, आणि रविवारी मला येऊन सांगा."

आपसात ठरवायची त्यांची पद्धत म्हणजे बॅटल. जो हरेल त्याने हॉल सोडायचा.

हेब्बाळ

बॅटलचा सराव जिंकायच्या जागेवर करायचा नाही, असा रघूचा नियम. का, ते त्याने सांगितलं नाही. म्हणून आम्ही बसने हेब्बाळच्या तळ्यावर गेलो. शहर संपून शेतं लागतात तिथे हे तळं आहे. काठावर म्हशी बसलेल्या, पाण्यात पांढरे पक्षी, आणि माती मऊ. पडलं तरी लागत नाही.

रघूने टेपरेकॉर्डर गवतावर ठेवला आणि म्हणाला, "दाखव."

मी माझा कॅसेटवरचा नाच दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही जागा न चुकता.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "आता मी हे करतो." त्याने गुडघ्यावर बसून एक पाय गोल फिरवला आणि बोट माझ्याकडे केलं. "सांग."

"काय सांगू?"

"मी काही तरी बोललो ना पायाने? त्याला उत्तर दे."

मी पुन्हा माझ्या नाचाची सुरुवात केली. त्याने टेप बंद केला. "अरे, मी विचारतो जेवलास काय, आणि तू कविता म्हणतोस."

माझी अडचण तिथेच होती. आमच्याकडे नाच बसवतात. गाणं ठरलेलं, जागा ठरलेल्या, आणि पाठ झालं की झालं. इथे गाणं कुठलं लागेल हे माहीत नसतं आणि समोरचा काय करेल तेही नसतं. त्याने खालून केलं तर तुम्ही त्याच्याही खालून, नाहीतर एकदम उंचावरून. त्याने जिथे सोडलं तिथून उचलायचं, पण त्याचं तसंच करायचं नाही. दुसऱ्याचं तसंच उचललं तर त्यापेक्षा पडलेलं बरं, असं हे लोक मानतात.

"तुमच्याकडं मिरवणुकीत काय नाचतात?" रघूने विचारलं.

"लेझीम."

"मग ते घाल त्यात."

मी प्रयत्न केला. हातात लेझीम नसताना लेझीम खेळणारा माणूस डास मारतोय असा दिसतो. रघू गवतावर लोळून हसला, आणि एक म्हैस उठून दुसरीकडे जाऊन बसली. तो विषय तिथेच संपला.

चार दिवस आम्ही तिथे जात होतो. चौथ्या दिवशी मला दोन-तीन उत्तरं सुचू लागली. अडखळत, पण सुचू लागली. एकदा त्याने पाय फिरवला तेव्हा मी त्या पायावरून उडी मारून त्याच्या पाठीमागे बसलो. तो मान वळवून बघायला लागला तर मी पुन्हा समोर. "हां!" तो ओरडला. "हे कॅसेटमध्ये नव्हतं!" परत येताना एका उपाहारगृहात उभ्यानेच डोसा खाल्ला आणि एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेतली. तिकडे ही पद्धतच आहे, मागणाऱ्याला कुणी कंजूष म्हणत नाही. आमच्याकडे एक चहा दोघांत मागितला तर हॉटेलवाला आधी तोंडाकडे बघतो.

जयनगर

शनिवारी संध्याकाळी आम्ही समोरच्या ग्रुपला बघायला जयनगरला गेलो. मोठ्या बाजाराच्या चौकात, फुलवाल्या आणि कपड्यांच्या दुकानांपुढे, ते उघड्यावर नाचत होते. लपून बघायचा प्रश्नच नव्हता.

"ओ राजाजीनगर!" अभिजितने लांबूनच हाक मारली. "स्पाय करायला आलात काय?"

"इतक्या दिवसांत काही शिकलास काय, बघायला आलो," रघू म्हणाला.

"बघ ना, फ्री आहे."

अभिजितने पाठीवर दोन गिरक्या घेतल्या, एका खांद्यावर आला, पाय हवेत, आणि तिथेच थांबला. मग हात न लावता, खांद्यावरून वळत, जणू कुणी वरून ओढून घेतल्यासारखा उभा राहिला. फुलवाली गजरा गुंफायची थांबली.

हे मी कॅसेटमध्ये कुठेच पाहिलं नव्हतं. रघूनेही पाहिलं नव्हतं. बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "हात कुठं ठेवतो तो?"

त्याच रात्री रघूच्या ग्रुपमधल्या बाबूचं मनगट सुजलं. बॅटलला चौथा माणूस हवा होता. मी नको नको म्हणत होतो. अक्का बाबूच्या हाताला हळद लावत होत्या. त्या म्हणाल्या, "ऊरकडून आलास ते बसून बघायला काय?" मग मी हो म्हणालो.

रविवार

न्याय करायला दोन्ही ग्रुपांनी मंजूला बोलावलं होतं. मंजू गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. त्याने टेपरेकॉर्डरजवळ खुर्ची टाकली. अण्णा दारात उभे होते. दोन्हीकडून चार-चार जण, प्रत्येकाला एक पाळी, आणि मध्ये तांबडी जमीन.

पहिल्या तीन पाळ्यांत दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या. रघूची पाळी मी पाहिलेली त्याची सर्वांत चांगली. शेवटी अभिजित आणि मी. सगळं त्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

अभिजितने कालचंच केलं, पण या जमिनीवर ते दुप्पट वेगात झालं. खांदा, पाय हवेत, थांबला, वळला, उभा. त्याच्या बाजूचे ओरडले. मला उत्तर सुचलं होतं. तो जिथे खांद्यावर थांबला तिथे मी त्याच्याकडे पाठ करून बसणार होतो, आणि पुढचं तिथून.

मी पुढे झालो आणि वाकून जमिनीला हात लावला. आमच्याकडे तालमीत उतरताना, स्टेजवर चढताना जमिनीला हात लावून कपाळाला लावतात. ते अंगात इतकं मुरलंय की करतोय हे कळतही नाही. भीतीमुळे हात जोरात पडला असावा. त्या जमिनीवर मोठा आवाज झाला. हात कपाळाला जायच्या आत समोरचे चौघे पुढे धावले.

"काय म्हणालास?" अभिजित माझ्या तोंडापाशी येऊन ओरडला. "कॉपी? माझं कॉपी आहे?"

मला काही कळेना. रघू माझ्या कानाशी आला. "तू हात आपटलास. त्याची पाळी झाल्यावर जमिनीवर हात आपटला म्हणजे त्याने दुसऱ्याचं उचललं असा अर्थ होतो. हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मी सांगितलं नाही?"

"नाही."

रघूने डोळे मिटले. मंजू कन्नडमध्ये काही तरी म्हणाला. नियम असा होता: हात आपटला तर सिद्ध करायचं. ते मूळ कुठलं ते सांगायचं, आणि स्वतः करून दाखवायचं. नाही जमलं तर पाळी गेली.

"कॅसेटमध्ये होतं म्हण," रघू हळूच म्हणाला. "तुमच्याकडची कॅसेट इथं कुणी पाहिलीये? अर्धं तरी करून दाखव."

मी अभिजितकडे पाहिलं. तो रागावला होता, पण डोळ्यांत पाणी होतं. "वर्ष गेलंय माझं यात," तो म्हणाला. "पूर्ण वर्ष. कुणाचं आहे सांग ना. नाव सांग."

कुणाचंच नव्हतं ते. त्याचंच होतं. मी म्हणालो, "मी नमस्कार केला. जमिनीला. ते तुझंच आहे."

मंजूला रघूने ते कन्नडमध्ये सांगितलं, हे मी कधी विसरणार नाही, कारण न सांगताही चाललं असतं. मंजू हसला. मग डोकं हलवून म्हणाला, "नमस्कार सरी. पण हात पडला तो पडला. पाळी गेली."

मी नाचलोच नाही. अण्णांनी हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढला आणि एक किल्ली अभिजितच्या हातात ठेवली.

गच्ची

घरी येईपर्यंत रघू माझ्या पुढे चालत होता. ताटावरूनही लवकर उठला. मी दोनदा "चूक झाली" म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "साकू रे." म्हणजे पुरे.

अडचण अशी की हॉलमधून निघताना नळावर अभिजितने मला गाठलं होतं. "खरंच नमस्कार होता? यार, लहानपणी गणेशोत्सवात आम्हीही करायचो. मी सॉलिड भडकलो होतो." आणि तोंड धुता धुता म्हणाला, "उद्या सकाळी ये. खांद्याचं दाखवतो तुला."

परवा माझी गाडी होती. म्हणजे शिकायला एकच सकाळ. पण ज्या जमिनीवरून माझ्यामुळे रघूला निघावं लागलं, तिथेच जाऊन त्याला हरवणाऱ्याकडून शिकायचं, हे कसं सांगावं? संध्याकाळपर्यंत मी ते तोंडात धरून होतो. शेवटी गच्चीवर सांगून टाकलं.

रघूने दोरीवरचे वाळलेले कपडे एकेक करून काढले.

"जा," तो म्हणाला. "तू शिकायला आलायस. आणि हात कुठं ठेवतो ते नीट बघून ये."

सोमवारी सकाळी मी गेलो. या वेळी दारातच, चपलांपाशी, जमिनीला हात लावला. आत अभिजित शिकवायला चांगला निघाला. हात पोटावर धरायचे, हनुवटी छातीला लावायची, आणि पाय खाली यायला लागले की घाबरून मान सोडायची नाही. मी मान सोडत होतो. दहा वेळा आपटलो असेन. शेवटी एकदा अर्धा उठलो आणि बसकण मारली. तेवढंच माझं यश.

निघताना मी त्याला म्हणालो, "मी हे रघूला दाखवणार आहे. न सांगता दाखवणं बरं वाटणार नाही."

तो हसला. "दाखव ना. पण त्याला सांग, माझ्यासमोर सेम टू सेम केलं तर मी हात आपटणार. आणि मी काही नमस्कार करत नसेन."

गच्चीवर मी रघूला सगळं सांगितलं, हे शेवटचंही. तो लगेच आडवा झाला. पण ती गच्ची म्हणजे ओबडधोबड सिमेंट, त्यावर घसरता येत नाही. खांदा जागीच अडकायचा. त्याचा शर्ट फाटला, खांद्याचं कातडं निघालं, अक्का जिन्यातून ओरडून गेल्या. संध्याकाळपर्यंत काही जमेना.

मग तो घसरायच्या नादाला लागलाच नाही. पाय हवेत नेऊन थांबला. थोडं वळला, पुन्हा थांबला. पुन्हा थोडं. प्रत्येक थांबण्यात पायांचा आकार वेगळा. एखादं जड दार कुणी जपून, थोडं थोडं उघडावं तसा तो त्या खांद्यावर फिरला आणि हळूहळू उभा राहिला. अभिजितचं सगळं वेगात होतं. यात वेग नव्हताच. उलट आता पडतो की काय म्हणून बघणारा श्वास धरून राहत होता.

त्याने अंगावरची धूळ झटकली. खांद्यातून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"खरं सांग," तो म्हणाला. "अभिजित समोर असता तर हात आपटला असता?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला हे करता येणार नाही. त्याची जमीन गुळगुळीत आहे."

रघूने खाली गच्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत एकदा बघ," तो म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला.